पाच वर्षांत क्लेम नाही, मग प्रीमियम वाढला कसा? तुमच्या दोन ताऱ्यांना उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. पाच वर्षांत एकही क्लेम नाही, तरी यंदा गाडीच्या विम्याचा प्रीमियम सव्वापट. दाराला ओरखडा आला तेव्हा आम्ही 'क्लेम करू नका' म्हणालो. प्रीमियम कमी व्हावा म्हणून गावचा पत्ता लावून द्या म्हटलं तर नकार दिला. आणि वाढलेला आकडा कळवला तो मुदत संपायच्या तीन दिवस आधी. शेवटची तक्रार शंभर टक्के खरी आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल.

तीन दिवसांत चार ठिकाणी चौकशी होत नाही. गाडी विम्याशिवाय राहील या धास्तीने माणूस समोर येईल तो आकडा भरून मोकळा होतो, तसंच तुमचं झालं. चूक आमच्या ऑफिसची, माफी मागतो. आता रिन्यूअलचा मेसेज महिनाभर आधी जातो आणि त्यात मागच्या वर्षीचा आणि यंदाचा आकडा शेजारी शेजारी असतो.

'प्रीमियम वाढला की एजंटचं कमिशन वाढतं' असं तुम्ही लिहिलंय. वाढतं, नाही कशाला म्हणू? पण दर आमच्या हातात नाही. तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केलेल्या वर्षांगणिक वाढणारी सूट, तुम्हाला पूर्ण मिळालाय. तो ज्या मूळ दरातून वजा होतो, तो दरच वर गेला. पूर्वी बंपर म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा होता, ठोकून, रंग मारून भागायचं. आता त्याच्या आत पार्किंग सेन्सर, काही गाड्यांत रडार. पुढच्या काचेला कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूक जुळवणी, पुन्हा करावं लागतं आणि त्याचं बिल वेगळं. हेडलाइटचा एक क्लिप तुटला तरी पुष्कळदा अख्खा हेडलाइट बदलतात.  हे सगळं कंपनी एकट्या तुमच्याकडून नाही, तुमच्यासारखी गाडी तुमच्यासारख्या भागात चालवणाऱ्या सगळ्यांकडून वसूल करते.

आणि तो भाग मोठ्या शहरातला. मोकळ्या रस्त्यावरचे अपघात संख्येने थोडे पण जबर असतात. शहरात रोजची घासाघीस. कुणी आरसा उडवून जातं, कुणी सिग्नलला मागून टेकवतं, जोराचा पाऊस झाला की तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी. एकेक क्लेम लहान, पण संख्या बघा.

म्हणूनच गावच्या पत्त्याचा विषय निघतो. तुम्ही पहिल्या नाही, महिन्यातून दोघं-तिघं तरी हे विचारतात. विम्याच्या फॉर्मवर गाडी प्रत्यक्षात जिथे असते ते खरं खरं सांगावं लागतं. फॉर्मवर गाव आणि गाडी कायम शहरात, असं पुढे तपासणीत निघालं तर चुकीची माहिती दिल्याच्या कारणावरून क्लेम नाकारला जाऊ शकतो. तोही नेमका मोठा क्लेम, कारण बारीकसारीक कुणी खोदत बसत नाही. थोड्या बचतीसाठी अख्खी गाडी पणाला लावायची? यात मी ताठर आहे आणि राहणार.

ओरखड्याचं मात्र आमच्याकडून नीट समजावून सांगायचं राहिलं. 'मग विमा काय लोणच्याला घालू?' हा तुमचा प्रश्न रास्त आहे. समजा वर्षाचा प्रीमियम 100 आणि दाराचं काम 15. त्यातले पहिले 5 पॉलिसीनुसार तुम्हीच भरायचे. कंपनीकडून आले 10. पण बोनस गेला की पुढच्या वर्षी 100 चे 130 झाले, आणि बोनस पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचा. दहा मिळवायला तीस घालवायचे, म्हणून नको म्हटलं. हेच काम 80 चं असतं तर मीच क्लेम करायला लावला असता. हा हिशोब कागदावर मांडून द्यायला हवा होता, फोनवर एका वाक्यात तुटक सांगायला नको होता.

दुसरीकडे तुम्हाला बराच स्वस्त आकडा मिळालाय म्हणता. जरूर घ्या, बोनस तुमच्या नावावर आहे, तो तुमच्याबरोबर येईल. फक्त पैसे भरायच्या आधी बघा, गाडीची किंमत किती धरलीय. ती खाली ओढली की प्रीमियम आपोआप खाली येतो, आणि गाडी चोरीला गेली की भरपाईही त्याच हिशोबाने. झीज न कापता पार्टची पूर्ण किंमत देणारं कव्हर त्यात आहे की काढलंय? प्रत्येक क्लेममध्ये तुमच्या खिशातून जाणारी रक्कम वाढवलीय का? या तिन्ही गोष्टी सारख्या असून आकडा कमी असेल तर मलाही कळवा. आमचं कुठे चुकलं ते मलाही बघायचंय.

तुमच्याच रिव्ह्यूमधलं एक वाक्य मला खटकलं. गाडी आठवड्यातून एकदाच बाहेर निघते, एरवी तुम्ही ट्रेनने जाता. हे आम्ही विचारलंच नव्हतं! काही कंपन्या किलोमीटरवर प्रीमियम ठरवतात, त्यात तुमचा आकडा उतरण्याची शक्यता खरंच आहे. शिवाय खिशातून जाणारी रक्कम स्वतःहून थोडी वाढवली तरी प्रीमियम उतरतो. लहान ओरखड्याचा क्लेम तुम्ही तसाही करणार नसाल, तर तुमच्या बाबतीत तो सौदा वाईट नाही. मात्र ती रक्कम ऐनवेळी हाताशी हवी.

गाडीच्या मीटरचा आजचा फोटो, मागच्या सर्व्हिसच्या बिलावरचं किलोमीटरचं रीडिंग आणि त्या स्वस्त कोटेशनची प्रत घेऊन या, किंवा मेसेजवर पाठवा. चालू वर्षात मधेच काय बदलता येईल आणि काय पुढच्या रिन्यूअलला, ते दोन्ही आकडे लिहून देतो.