मुद्दा नसताना बोलावे कसे

व्यासपीठावर उभे राहण्याची वेळ आली आणि सांगण्यासारखे जवळ काहीच नसले, तरी आपण मुळीच घाबरू नये. वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद, म्हणजेच एथॉस, पॅथॉस आणि लोगॉस, ही मन वळवण्याची साधने अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या ‘रेटोरिक’ या वक्तृत्वावरच्या ग्रंथात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच सांगून ठेवली आहेत. त्यांपैकी युक्तिवादाला मेहनत पडते, तेव्हा तो शेवटी पाहू.

वक्त्यावरचा विश्वास त्याच्या पूर्वीच्या लौकिकातून नव्हे, तर प्रत्यक्ष भाषणातून निर्माण व्हावा, असे अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो. हे आपल्या पथ्यावरच पडते. ‘मी काही विद्वान नाही, साधा माणूस आहे, पण...’ हे वाक्य नजर किंचित खाली झुकवून म्हणावे. त्या ‘पण’नंतर आपण काहीही ठोकून द्यायला मोकळे.

भावनांची हेळसांड मात्र परवडणार नाही. अथेन्समध्ये मुलाबाळांना न्यायमंडळासमोर आणून रडारड करणारे आरोपी होते; पण इ.स.पू. 399 मधील खटल्यात तीन मुलगे असूनही सॉक्रेटिसने हा मार्ग नाकारला, आणि त्याला काय प्यावे लागले हे आपण जाणताच. करुणा जमत नसेल तर राग चेतवावा. आपली अवहेलना झाली असे वाटले की माणूस चिडतो, हेही अ‍ॅरिस्टॉटलचेच निरीक्षण. म्हणून ‘तुम्हाला गृहीत धरले गेले आहे’ एवढेच सांगावे आणि कोणी धरले ते गुलदस्त्यात ठेवावे, म्हणजे प्रत्येक श्रोता आपापला वैरी त्या जागी बसवतो. (निवाडा करणाऱ्याच्या मनात राग, मत्सर किंवा दया जागवणे म्हणजे ज्या पट्टीने मोजायचे तीच वाकवणे होय, असा इशारा त्याच ग्रंथाच्या आरंभी आहे. ते पान ओलांडून पुढे जावे.)

राहता राहिला युक्तिवाद. अनुमानातले एक विधान न बोलता सोडून द्यायचे आणि ते श्रोत्यांना मनातल्या मनात भरू द्यायचे, या प्रकाराला एन्थिमीम म्हणतात. ‘तो विरोध करतो आहे, म्हणजे त्याचे हितसंबंध गुंतलेले असणारच’, हे उदाहरण घ्या. ‘विरोध करणाऱ्या प्रत्येकाचे हितसंबंध गुंतलेले असतात’ असे उघड बोललात, तर सभेतला एखादा चिकित्सक हात वर करील. न बोललात, तर श्रोता ते स्वतःच जोडतो, आणि स्वतःच्याच मताशी हुज्जत घालायला सहसा कोणी जात नाही.

एवढे करूनही कोणी पुरावा मागितलाच, तर उत्तराच्या भानगडीत पडू नये. तो विरोध करतो आहे, एवढेच शांतपणे सभेच्या निदर्शनास आणून द्यावे. पुढचे श्रोते पाहून घेतील.