डबे दोन, गाडी एकच
सार्वजनिक बागेत ओल्या आणि सुक्या कचऱ्यासाठी दोन रंगांचे डबे मांडले की वर्गीकरणाची व्यवस्था झाली, असे मानणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. एक डबा फाटकापाशी आणि दुसरा पार खेळण्यांपलीकडे असेल, तर हातात रिकामी बाटली असलेला माणूस जवळचाच डबा गाठणार, हे उघड आहे. डबे जोडीनेच ठेवायला हवेत आणि बाटल्यांच्या डब्याच्या झाकणाला बाटलीपुरतेच गोल भोक हवे, म्हणजे उरलेल्या खाण्याची पुडकी त्यात सहसा जात नाहीत. अर्धवट प्यायलेले शीतपेय आत सांडले की भिजून चिकट झालेला कागद पुनर्चक्रणाच्या कामाचा राहत नाही. ॲल्युमिनियमचा कॅन पुन्हा पुन्हा वितळवता येतो, पण तोही त्याच लगद्यात बुडालेला असतो. सुट्टीच्या दिवशी सर्वाधिक गर्दी असूनही डबे रिकामे करायला कोणी फिरकत नाही (वेळापत्रक करताना एवढेही सुचू नये?) आणि संध्याकाळपर्यंत ओसंडलेला कचरा कावळे-कुत्री हिरवळीवर पसरवतात. सगळ्यात चीड येते ती याची, की लोकांनी नीट वेगळा टाकलेला कचराही शेवटी त्यांच्या डोळ्यांदेखत एकाच गाडीत एकत्र ओतला जातो.