राउटरची स्थापना, सोलापुरी पद्धतीने

फायबरवाल्याला नेमकं नळाला पाणी येणार असेल त्या दिवशी बोलवा. आपल्याकडे पाणी काही रोज येत नाही, त्यामुळे त्या दिवशी सगळं घर कामाला लागलेलं असतं. मोटार सुरू, जिन्यात पाइप, दारात बादल्या, आणि त्यातून वाट काढत ते पोरगं खांद्यावर वायरचं बंडल घेऊन वर येतं. "काका, डबा कुठं बसवायचा?" असं त्यानं विचारलं की मगच घरात हा विषय काढा. (डबा म्हणजे वायरीतून आलेला प्रकाश घेऊन राउटरला नेट देणारं यंत्र, राउटर वेगळा.) आजी म्हणतील देवघराजवळ नको. सौभाग्यवती म्हणतील, दिवाळीत रंग दिलाय, ड्रिल लावायचं नाही. थोरला म्हणेल माझ्या खोलीत, धाकटी म्हणेल मग माझ्या का नाही. पोराला अजून चार घरं करायची असतात, पण तो त्याचा प्रश्न.

शेवटी दाराजवळ, चपलांच्या स्टँडवर एकमत होतं. तिथं वायर कमी लागते. वायर कंपनीची असली म्हणून काय झालं, वाचवायला नको?

भोक पाडू देऊ नका. वायर खिडकीच्या फटीतून आत घ्या आणि वरून खिडकी दाबून लावा. वायरीच्या आतली काच जेमतेम 125 मायक्रॉनची, केसाएवढी. प्रकाश तिच्या आतल्या आत उसळत पुढं जातो आणि वायर काटकोनात मुडपली की बाहेर निसटतो. पोरगं हे सांगायला लागलं की म्हणायचं, "बाळा, आमच्या केबलच्या वायरीला इतकी वर्षं काही झालं नाही." जाताना उरलेली वायर तो सैलसर गोल करून ठेवेल. तो जिना उतरला की ती चार बोटांवर घट्ट गुंडाळून रबर लावून टाका. नंतर डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकायला लागला तर घाबरू नका, प्रकाश घरापर्यंत पोचत नाही एवढंच तो सांगतो.

आता राउटर. तो घराच्या मधोमध, उंचावर, मोकळा ठेवावा असं जाणकार सांगतात. त्यांना हॉल सजवावा लागत नाही. पाहुण्यांना वायर दिसता कामा नये, म्हणून त्याला टीव्हीच्या मागं ढकला, नाहीतर लोखंडी कपाटात. पेठेतलं जुनं घर असेल तर हातभर रुंद दगडी भिंती आपलं काम चोख करतातच. जुळे सोलापुरात नवा बंगला असेल तर स्लॅबमधल्या सळया आहेत. पण सर्वात उत्तम जागा म्हणजे पाण्याच्या बॅरलांमागे. पाणी वायफायच्या लहरी छान शोषून घेतं, आणि भरलेली बॅरलं सोलापूरकराच्या घरात नाहीत असं कधी झालंय? धूळ बसू नये म्हणून वरून चादरीची घडी टाका. आपल्या चादरीला जीआय मानांकन आहे, राउटरला नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आतून ऊब येईल, ती येऊ द्या.

फोनमध्ये वायफायची दोन नावं दिसतील. 5 गीगाहर्ट्झवालं वेगवान असतं, पण दोन भिंतींत दमतं, 2.4 वालं हळू, पण लांब जातं. शेवटच्या खोलीत बसून हट्टानं पहिलंच लावा. नावात फाइव्ह जी आहे म्हणजे चांगलंच असणार.

वीज गेल्यावर नेटही जातं, याचं आश्चर्य वाटून घ्या. रस्त्यावरच्या स्प्लिटरला (एका वायरीतला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला) वीज लागत नाही, घरातल्या डब्याला मात्र लागते. पण इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आधीच टीव्ही आहे, त्याला कसं काढणार?

यानंतर स्पीड मोजा. स्वयंपाकघरात जा, मायक्रोवेव्ह सुरू करा (तोही 2.4 च्याच आसपास गुणगुणतो), हॉलमध्ये पोरांचे व्हिडिओ चालू असू द्या आणि मग 100 एमबीपीएसच्या प्लॅनमधले 6 दिसले की त्याचा फोटो काढा. लॅपटॉपला थेट लॅन केबल लावून मात्र मोजू नका. खरा आकडा कळतो आणि भांडायला काही उरत नाही.

फोटो हाताशी ठेवून कस्टमर केअरला फोन लावा. "सर, राउटर कुठे ठेवलाय?" असं पलीकडून विचारतील. आवाज चढवून सांगा, "कुठे म्हणजे? तुमच्याच माणसानं बसवलाय!"