सही करण्याआधी

फॅसिझम म्हटलं की डोळ्यांसमोर मशाली आणि सज्जातून गरजणारा नेता येतो. हे चित्र सोयीचं आहे, कारण त्यात आपण कुठेच नसतो. प्रत्यक्षात त्या राजवटीला गर्जना करणारा एकच पुरतो. फॉर्म भरणारे मात्र लाखांनी लागतात.

नेदरलँड्स, ऑक्टोबर 1940. जर्मन कब्जा होऊन पाच महिने झालेले. सरकारी नोकरांच्या टेबलावर आपला वंश जाहीर करायचा एक फॉर्म आला. नमुना ‘अ’ आर्यांसाठी, ‘ब’ ज्यू वंशाच्या लोकांसाठी. ना मारहाण, ना धरपकड. बहुतेक सगळ्यांनी तो भरून दिला. सर्वोच्च न्यायालयातही बहुमत भरण्याच्याच बाजूने गेलं. पुढच्याच महिन्यात ‘ब’वाले निलंबित झाले. त्यांत त्याच न्यायालयाचे अध्यक्ष लोडेवाइक व्हिसर होते. जानेवारी 1941 मध्ये सगळ्या ज्यूंची सक्तीची नोंदणी झाली आणि जुलै 1942 पासून छळछावण्यांकडे गाड्या सुटू लागल्या. सुमारे 1,40,000 ज्यूंपैकी लाखाहून जास्त मारले गेले.

‘अ’ भरणारा म्हणणार, मी माझी खरी माहिती दिली, त्यात कोणाचं काय गेलं? पण ‘अ’चे गठ्ठे जमल्याशिवाय ‘ब’वाले वेगळे निघतच नाहीत. चाळणीचं काम निर्धोक माणसाच्या सहीनेच होतं.

इटलीची गोष्ट तर आणखी अवघड. 1931 मध्ये प्राध्यापकांना फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. सुमारे बाराशेपैकी जेमतेम डझनभरांनी नकार दिला. बाकीचे सगळे काही मुसोलिनीभक्त नव्हते. कम्युनिस्टांचे नेते तोल्याती, उदारमतवादी विचारवंत क्रोचे आणि कॅथलिक चर्च या तिघांचं एरवी कशावरही एकमत होणं कठीण, पण इथे तिघांचाही सूर एकच: शपथ घ्या, आत राहा. चर्चने तर मनात अट ठेवून शपथ घ्यायची मुभा दिली. गंमत अशी, की अट मनात राहते आणि फाईलला फक्त सही लागते. 1938 मध्ये वंशकायद्यांनी ज्यू प्राध्यापकांना काढलं, तेव्हा आत राहिलेल्यांनी काय केलं? रिकाम्या झालेल्या जागा भरल्या. ‘आत राहून सुधारू’ हे मला तेव्हाच पटतं, जेव्हा कोणत्या कागदावर सही करायची नाही हे माणसाने आधीच ठरवून चार जणांना सांगितलेलं असतं. एरवी ती रेघ दर महिन्याला मागे सरकते.

आता नॉर्वे, फेब्रुवारी 1942. जर्मन कब्ज्यात त्यांच्याच पाठिंब्यावर सत्तेत बसलेल्या क्विसलिंगने शिक्षकांना सरकारी संघटनेचं सभासदत्व सक्तीचं केलं. गुप्त गटाने नकाराचा छोटासा मजकूर फिरवला. प्रत्येकाने तोच मजकूर, स्वतःच्या सहीने, एकाच दिवशी टपालात टाकायचा. हजारोंनी टाकला. सरकारने इंधनटंचाईचं कारण पुढे करून शाळा बंद ठेवल्या, तर पालकांच्या पत्रांचा पाऊस पडला. मग हजारावर शिक्षकांना अटक झाली आणि त्यांतल्या शेकडोंना उत्तरेत किर्केनेसला सक्तमजुरीला धाडलं. पगार थांबलेल्या घरांना लोकांनी गुपचूप पैसे पोचवले. वर्ष संपायच्या आत शिक्षक परतले आणि ती संघटना कागदावरच राहिली.

हे साधलं कारण मजकूर एकच होता, त्यामुळे ‘म्होरक्या’ वेगळा काढता येईना. आणि नकार सभासदांची यादी तयार होण्याआधी आला. यादी झाल्यावरचा नकार सहसा एकट्याचा ठरतो, आणि एकट्याची नोकरी दुपारपर्यंत जाते.

म्हणून आज कुठल्याही कचेरीत, शाळेत, सोसायटीत फॉर्ममध्ये धर्माचा, वंशाचा, जन्मस्थळाचा नवा रकाना दिसला, की तिथेच थांबा. कोणत्या नियमाने, कशासाठी, कोण बघणार, हे लेखी विचारा. तोंडी आदेशावर यादी करू नका; तोंडी आदेश देणारा नंतर हात वर करतो. यादी करणारे तुम्हीच असाल तर कायद्याने न लागणारी माहिती गोळाच करू नका. जी नाही, ती जप्त होत नाही. आणि वर्गणी आधीच काढून ठेवा. माणूस तत्त्वावरून क्वचितच माघार घेतो, घरहप्त्यावरून घेतो. दोन-तीन महिन्यांचा पगार देऊ शकेल एवढी गंगाजळी विश्वासातल्या दहा-पंधरा जणांत उभी राहू शकते, पण ती नोटीस यायच्या आधी.