उजनीखालचा दुमजली वाडा आणि इतर थापा

आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या निम्म्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एकच मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: उजनी धरणाच्या पाण्याखाली दहा हजार वर्षांपूर्वीचं शहर सापडलं. उपग्रहातून त्याचे सरळ रस्ते आणि गोल यज्ञवेदी दिसतात. परदेशात बुडालेल्या जहाजांचे नकाशे काढायला वापरतात ते सॉफ्टवेअर आता मोबाइलवर फुकट आहे. त्यात फिशफाइंडरच्या (मासे शोधायला नावेवर लावतात त्या यंत्राच्या) पडद्याचा फोटो टाकला की नकाशा आणि वय दोन्ही निघतं, पाणबुडे लागत नाहीत. सरकार हे लपवतंय. आणि शेवटी ठळक अक्षरात: 'पाणी चढायच्या आत मूर्ती, कोरीव दगड काढून आणा, वारसा वाचवा.' सोबत पुरावा म्हणून एक फोटो.

असले मेसेज मी वाचतही नाही. पण करमाळ्याच्या माझ्या मावसभावाने तो पाठवला आणि वर फोन केला. होडी ठरवलीय, दोर घेतलाय, पहार घेतलीय, "दादा, तू मोजणीवाला माणूस, तू पण चल की." मी सोलापुरात मोजणीची कामं करतो: प्लॉट, रस्ते, पाइपलाइन. पाणबुडा नाही, पुरातत्त्वज्ञ तर नाहीच नाही. पण मोजणीच्या नावावर काय खपवलं जातंय ते कळण्याइतकी अक्कल आहे.

आधी तो फोटो, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. फिशफाइंडरच्या पडद्यावर ८.४ मीटरवर एक जाड आडवी रेघ, तिच्या बऱ्याच खाली एक फिकट रेघ. वरच्या रेघेला लाल बाण काढून 'फरसबंदी राजमार्ग' लिहिलंय, खालच्या रेघेला 'तळमजला'. म्हणजे म्हणे दुमजली वाडा! आता खालची रेघ किती मीटरवर आहे ते वाचा. १६.८. बरोबर दुप्पट. यंत्र पाण्यात आवाज सोडतं, तो तळाला लागून वर येतो. तळ कडक असला की हा आवाज वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागावरून परत खाली जातो, पुन्हा तळाला लागतो आणि पुन्हा वर येतो. यंत्राला खोली कळते ती फक्त गेलेल्या वेळेवरून. दुसऱ्या फेरीला दुप्पट वेळ लागला, म्हणून त्याने दुप्पट खोलीवर आणखी एक तळ काढून दिला. वाड्याचा तळमजला म्हणून जो फिरतोय तो प्रतिध्वनीचा प्रतिध्वनी आहे.

आणि राजमार्ग? या पडद्यावर उभं माप खोलीचं असतं, पण आडवं माप अंतराचं नसतं, वेळेचं असतं. नांगर टाकून नाव एका जागी उभी करा. पडदा सरकत राहतो आणि तुमच्या खालच्या त्याच एका ठिकाणाची रेघ लांबत जाते. सपाट, सरळ, एक खड्डा नाही. असा रस्ता सोलापूरकराला या युगातला वाटणार नाही हे मान्य, पण म्हणून तो प्राचीन ठरत नाही. शिवाय यंत्राचा आवाज बारीक रेषेत जात नाही, टॉर्चच्या झोतासारखा पसरतो. झोत २० अंशांचा धरला तर ८.४ मीटर खाली तो जवळजवळ ३ मीटर रुंद होतो. त्या ३ मीटरांतला दगड, गाळ, बाभळीचं खोड, सगळ्यांची मिळून एक रेघ. यातून भिंतीचा कोपरा काढून देणारं ॲप खरंच असेल तर आधी मला द्या. बांधाच्या भांडणांत माझा जन्म चाललाय.

'सॉफ्टवेअर शहर शोधतं' हे तर मुळातच उलटं आहे. पाण्याखालच्या अवशेषांची नोंद करणारी खास सॉफ्टवेअर आहेत, हे खरं. पीटर होल्ट यांचं 'साइट रेकॉर्डर' त्यातलं एक. पण ती काही शोधत नाहीत. माणसाने घेतलेल्या मापांचा हिशेब करतात. ही पद्धत बसली ती इंग्लंडमधल्या 'मेरी रोझ' या जहाजावर. १५४५ मध्ये बुडालेलं, १९८२ मध्ये वर काढलेलं. तिथे निक रूल यांनी जी रीत आणली ती आमच्या धंद्यातल्या कुठल्याही माणसाला लगेच कळेल. अवशेषांच्या भोवती पक्के बिंदू ठोकायचे, प्रत्येकाला नंबर लावायचा. मग ज्या वस्तूची जागा हवी तिच्यापासून किमान चार बिंदूंपर्यंत टेपने अंतर मोजायचं, खोली वेगळी घ्यायची. पाणबुड्या प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलने आकडे लिहितो आणि वर आल्यावर ते संगणकात भरतात. जागा काढायला तीन अंतरं पुरतात. चौथं घेतात ते आधीच्या तिघांची चोरी पकडायला.

चोरी भरपूर होते. प्रवाहाने टेपला पोट येतं, टेप मध्येच लाकडाला अडकतो, गढूळ पाण्यात ३.६० चं ३.९० वाचलं जातं, बिंदू ७ ऐवजी १७ लिहिला जातो. याच होल्ट यांनी २००३ मध्ये पाण्याखालच्या टेपमोजणीचा दर्जा तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा: एका मापातली अनिश्चितता साधारण २५ मिलिमीटर, त्यातून निघालेल्या जागेची ४३ मिलिमीटर, आणि घेतलेल्या मापांपैकी २० टक्के चक्क चुकलेली. वीस टक्के! हे कसलेल्या पद्धतीत, हातात टेप धरून. सॉफ्टवेअरची खरी किंमत इथे आहे. ते सगळी अंतरं एकमेकांशी ताडून बघतं आणि कुठलं माप बाकीच्यांशी जुळत नाही ते दाखवतं. मग ते माप परत घ्यायला माणूस परत खाली जातो. पाणबुडे लागत नाहीत म्हणे!

मेसेजवाल्यांच्या ॲपमध्ये मुळात एकही अंतर भरायची सोय नाही. फोटो टाका, नकाशा घ्या. जीपीएसचंही तेच. त्याच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत, त्यामुळे मोबाइल सांगतो ती जागा नावेची, दगडाची नाही.

वयाबद्दल फार लिहीत नाही. कुठलंही सॉफ्टवेअर आकारावरून वय काढत नाही. ते लाकूड, कोळसा, खापरं, बांधकामाची घडण यांवरून ठरतं, आणि तेही वस्तू नेमकी कुठल्या थरात होती हे माहीत असेल तर. २००१ मध्ये खंबातच्या आखातात सोनारच्या (आवाजाने तळ चाचपणाऱ्या यंत्राच्या) प्रतिमांत चौकोनी आकार दिसले आणि केंद्रीय मंत्र्यांनी प्राचीन शहराची घोषणा केली. तळ खरवडून वर आणलेल्या एका लाकडाचं वय साडेनऊ हजार वर्षांच्या आसपास निघालं. वय लाकडाचं. ते लाकूड त्या चौकोनांतलंच, की जोरदार भरती-ओहोटीने कुठून तरी वाहून आलेलं, हे खरवडून काढलेल्या वस्तूवरून सांगता येत नाही. वाद आजही तिथेच अडकलाय. मेसेजमधले 'दहा हजार' बहुधा तिथूनच उचललेत.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. फोटोंवरून नकाशा निघतो. एकमेकांवर भरपूर चढणारे शेकडो फोटो काढले की संगणक त्यांतून त्रिमितीय आकृती बांधतो. काळ्या समुद्रात, माणसाला बुडी मारून जाणं शक्य नाही अशा खोलीवरही यंत्रमानव सोडून, साठाहून जास्त बुडालेली जहाजं सापडली आणि त्यांतल्या कित्येकांची नोंद याच रीतीने झाली. असली काही सॉफ्टवेअर फुकटही मिळतात. पण त्याला कॅमेऱ्यातून काढलेले खरे फोटो लागतात, चित्रात मापाची पट्टी लागते, पक्के बिंदू लागतात आणि सगळ्यात आधी पाण्यातून दिसावं लागतं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी किती हिरवं असतं ते सोलापूरकराला सांगायला नको, नळाला तेच येतं.

उपग्रहाचे 'सरळ रस्ते' म्हणजे शेतांचे बांध आणि पांद्या. 'गोल यज्ञवेदी' म्हणजे विहीर. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, त्याआधी तिथे गावं नांदत होती. ज्यांच्या घरांच्या या भिंती आहेत त्यांतले कित्येक आज करमाळ्यात, इंदापुरात हयात आहेत. त्यांचं घर दहा हजार वर्षांपूर्वीचं ठरवताना त्यांना एकदा विचारायचं तरी.

आता शेवटची ठळक ओळ. बाकी सगळं हसण्यावारी नेता येईल, ही नाही. समजा गाळात खरंच कोरलेला दगड आहे. तो तिथे कसा पडलाय, तोंड कुठल्या दिशेला आहे, खाली काय आहे, शेजारचा दगड त्याला जुळतो का, ही सगळी माहिती दगडात नसते, जागेत असते. पहार लावून तो वर काढलात की दिवाणखान्यात ठेवायला एक शोभेची वस्तू मिळाली आणि नकाशातला एक बिंदू कायमचा गेला. मग जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर आणा. लाकूड असेल तर आणखी वाईट. वर्षानुवर्षं पाण्यात मुरलेलं लाकूड उघड्यावर सुकलं की आक्रसतं आणि फुटतं. 'मेरी रोझ' वर काढल्यावर तिचं लाकूड आधी पाण्याने ओलं ठेवलं, मग १९९४ ते २०१३ अशी १९ वर्षं त्यावर मेणासारख्या रसायनाचा फवारा चालू होता. मावसभाऊ ते गोठ्यात ठेवणार होता.

कायद्याचं बोलायचं तर शंभर वर्षांहून जुनी मूर्ती १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, तिची नोंदणी करावी लागते. आणि जमिनीत दडलेला १० रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर कलेक्टरला कळवायचं, हे १८७८ पासून लिहून ठेवलंय. 'वारसा वाचवला' हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही.

आणि होडी. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यातून कुगावहून कळाशीला निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. ती रोजची ये-जा होती. हे लोक कडेला ओणवून, दोराने दगड ओढणार आहेत, त्याच पाण्यात, वळवाच्या त्याच दिवसांत.

राहता राहिलं 'सरकार लपवतंय'. पळसदेवचं जुनं मंदिर धरण आटलं की डोकं वर काढतं, २०२४ मध्ये उजनी उणे ५० टक्क्यांच्याही (म्हणजे वापरायच्या साठ्याच्या बरीच) खाली गेली तेव्हाही बातम्या आल्या, लोक सहकुटुंब जाऊन फोटो काढून आले. लपवायची ही पद्धत अजब म्हणायची. ते मंदिर पुणे जिल्ह्यात येतं, एवढं मात्र मेसेजवाल्याने आपल्यापासून लपवलंय.

पाणी उतरल्यावर काठाला कोरीव दगड दिसला तर हात लावू नका. शेजारी टेप किंवा नुसती फूटपट्टी ठेवून फोटो काढा, एक फोटो लांबून, मागचं झाड नाही तर विहीर दिसेल असा. कोरड्या जमिनीवर मोबाइलचं जीपीएस चालतं, ते अक्षांश-रेखांश लिहून घ्या आणि तहसील कार्यालयात द्या, राज्याच्या पुरातत्त्व विभागाला एक प्रत पाठवा.