चंद्रा नदी चंद्रतालमधून निघत नाही

हिमाचलमधल्या स्पितीचा सीझन आला की चंद्रताल तलावाच्या निळ्याशार फोटोसोबत तोच फॉरवर्ड परत फिरायला लागतो. चंद्रतालमधून चंद्रा नदी निघते, सूरजताल तलावातून भागा निघते, तांदी गावाजवळ दोघी मिळून चंद्रभागा होते आणि हीच आपली पंढरपूरची चंद्रभागा. यातलं मधलं बरोबर आहे, सुरुवात आणि शेवट साफ चुकलाय.

आधी चंद्रा. चंद्रताल आहे साधारण ४,२५० मीटरवर. तिथून बारालाचा खिंडीकडे चालत जायचा ट्रेक केलेल्या कोणालाही विचारा, तलाव मागे पडला तरी पुढे वरपर्यंत चंद्रा सोबत असतेच, आणि टोकपो योंगमा, टोकपो गोंगमा हे जे थंडगार नाले जीव मुठीत धरून पार करायला लागतात ते तिलाच जाऊन मिळतात. मग नदी तलावातून सुरू होत असेल तर तलावाच्या वर कित्येक किलोमीटर वाहतीये ती कोण? ती येते बारालाचाच्या आग्नेय उतारावरच्या बर्फातून. चंद्रतालमधून एक ओढा निघतो आणि तिला मिळतो, तलावाचा वाटा तेवढाच. खाली बातलच्या पुढे बडा शिग्री ही जवळजवळ २८ किमी लांब हिमनदी तिला पाणी देते.

भागाचं मात्र खरंय, आणि मला तर या दोघींत तीच जास्त आवडते. खिंडीच्या अगदी खाली, साधारण ४,८८० मीटरवर सूरजताल, मनाली-लेह रस्ता त्याच्या काठावरूनच जातो. तिथून निघून पटसेओ, दारचा, जिस्पा, केलाँग करत ६० किमीच्या आसपास वाहून ती तांदीला पोचते आणि एवढ्यातच दोन हजार मीटरच्या आसपास खाली उतरते! चंद्रा निघते त्याच खिंडीतून पण आधी दक्षिणेकडे जाते, बातलपाशी पश्चिमेला वळते, म्हणून त्याच तांदीला यायला तिला ११५ किमी लागतात. लाहौलमधे, म्हणजे या दोन नद्यांच्याच भागात, गोष्ट सांगतात ना, चंद्राची मुलगी आणि सूर्याचा मुलगा बारालाचावरून उलट्या दिशांना धावत सुटले आणि तांदीला भेटले. म्हणजे लोककथेतसुद्धा दोघांची सुरुवात खिंडीतच आहे, तिथल्या लोकांनी भूगोल किती नीट बघितला होता!

आता पंढरपूर. लाहौलची चंद्रभागा पुढे चिनाब होते आणि सिंधूतून अरबी समुद्राला जाते. विठोबाच्या पायाशी वाहते ती भीमा, भीमाशंकरला उगम पावलेली, पंढरपूरला अर्धचंद्रासारखं वळण घेते म्हणून तिथे चंद्रभागा म्हणतात. ती कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. नाव एकच आहे पण पाण्याचा एक थेंबही एकमेकींना मिळत नाही, आषाढीला नदीच्या वाळवंटात पाणी वाढतं ते सह्याद्रीतल्या पावसाने आणि उजनीतून सोडलेल्या पाण्याने.