सर्कल काढायच्या कागदावर मी सही करणार नाही

सकाळी दूध घेऊन येताना विश्रामबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोघं कागद घेऊन उभे. "ताई, सही करा. चौकातलं सर्कल काढून सिग्नल बसवायचाय." मी केली नाही. तेव्हापासून डोकं तापलंय.

गेल्या पावसाळ्यात याच सर्कलवर आईचं मनगट मोडलं. उजवीकडून एक गाडी फिरत येत होती म्हणून तिनं आपली गाडी थांबवली. आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं, 2017 च्या केंद्राच्या नियमावलीत हे स्पष्ट आहे. मागून टेम्पो येऊन धडकला. वर तिलाच म्हणतो, "मावशी, मधेच थांबता कशाला?" जमलेली माणसंही त्याच्याच बाजूनं! नियम पाळणारी एकटी बाई, आणि चूक तिची?

यात सर्कलनं काय केलं? साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्या एकमेकींच्या आड येण्याच्या 32 जागा असतात, एका रांगेच्या सर्कलमध्ये 8. वेग आपोआप उतरतो. वीज गेली तरी चौक चालू. ब्रिटनमधली सर्कलंसुद्धा तुंबायचीच. 1966 ला शिरणाऱ्यानं थांबायचं हा नियम आला, तेव्हा ती वाहती झाली.

आपल्याला हे शिकवलं कोणी? लायसन्सला आठ काढायचा, पाय टेकवायचा नाही, संपलं शिक्षण!

मान्य, दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर तिथं अडतो. मग कडेचा कठडा उतरता करा, चाक वर चढू दे. उखडायला काय निघालात?

शाळेच्या मैदानावर फक्कीनं गोल आखा, पोरांना सायकली फिरवू द्या. घरी जाऊन बापाला तीच टोकतील. गणपतीत एखाद्या मंडळानं याचा देखावा करावा. आईसारखं थांबणाऱ्याला मागून शिव्या तरी बसणार नाहीत.

संध्याकाळी रिक्षा स्टॉपवर गेले, खरं तर भांडायलाच. एक काका म्हणाले, "म्हणजे उजवीकडचा आत असला की मी थांबायचं? मला वाटायचं, आधी घुसेल त्याचा रस्ता." इतक्या सरळपणे विचारलं की माझा रागच गेला. विटेच्या तुकड्यानं जमिनीवर गोल काढला. तिघं-चौघं वाकून बघत होते.

घरी येऊन आईला सांगितलं. पोळी लाटताना तिचा तो हात अजून दुखतो. म्हणाली, "उद्या मलाही ने. मी का थांबले होते, ते मीच सांगते त्यांना."